पट्टा बदलायचा, की नुसता धुवायचा?

दहा-पंधरा वर्षांपूर्वी मोहाडी तालुक्यातल्या करडीच्या रस्त्यावर एखादा पोरगा छातीला पट्टा बांधून धावताना दिसला असता, तर लोकांनी आधी विचारलं असतं, ‘बरगडीला मार लागला का रे?’ आता पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना तो पट्टा कशाचा, हे निदान मोबाइलवर पाहून ठाऊक असतं. भंडारा जिल्हा धानाचा आणि तलावांचा. पहाटेच्या अंधारात डांबरी रस्त्याने धावणारी पोरंपोरी ही इथल्या गावांतली नेहमीची गोष्ट. शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर, शिवाय दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. एकूण ५० गुण, त्यातले २० लांब धावेचे. त्या वीस गुणांपायी वर्षवर्ष बूट झिजतात.

ठोके मोजणारा पट्टा अशा घरात कोरा करकरीत क्वचितच येतो. शहरात नोकरीला असलेला भाऊ नाहीतर मामा मॅरेथॉनच्या नादी लागतो, पुढे नवं घड्याळ घेतो आणि जुना पट्टा गावी धाडतो. पट्ट्यासोबत त्याचं दुखणंही येतं. नुसतं उभं असताना आकडा १९०, आणि धाप लागलेली असताना ७८. मग प्रश्न निघतो, याच्या जागी दुसरा कोणता घ्यावा?

माझं मत आधीच सांगून टाकतो. बिघडतं ते बहुतेक वेळा कापड. यंत्र ठणठणीत असतं. म्हणून आधी दुखणं कुठे आहे ते शोधावं, आणि घ्यायचीच वेळ आली तर कापड सुटं मिळतं अशीच वस्तू घ्यावी. जिथे दुकान म्हणजे कुरिअरवाल्याची दुचाकी, तिथे हा मुद्दा कंपनीच्या नावापेक्षा मोठा.

वस्तू साधी आहे. इलॅस्टिकचा एक पट्टा, त्याच्या आतल्या बाजूला, छातीच्या डाव्या-उजव्या अंगाला टेकतील असे वीज वाहणारे दोन तुकडे, म्हणजे इलेक्ट्रोड. समोर टिचबटणांनी अडकवलेली एक छोटी डबी, तिला पॉड म्हणतात. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला जो विजेचा झटका उठतो तो छातीच्या कातडीवर जेमतेम एका मिलिव्होल्टच्या आसपास उरतो. ईसीजी काढताना डॉक्टर तोच पकडतात; ते तंत्र बसवणाऱ्या आइंटहोव्हेन यांना १९२४ चं नोबेल मिळालं. पॉड त्या आलेखातलं फक्त उंच टोक ओळखतो, दोन टोकांमधला वेळ मोजतो आणि मिनिटाचे ठोके सांगतो. कातडी आणि इलेक्ट्रोड यांच्यामधली तार म्हणजे घाम. तो नसेल तर आकडा नाही. आणि टिचबटण हे नुसतं अडकवायचं साधन नसून विजेचा सांधा आहे. ते गंजलं की पट्टा मुका होतो.

बिनतारी पट्ट्याचा जन्म बर्फातला. फिनलंडमधल्या केम्पेले गावात १९७७ साली सेप्पो सायनायाकंगास यांनी पोलर कंपनी काढली ती स्कीवर घसरणाऱ्या खेळाडूंचे ठोके मोजता यावेत म्हणून, आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तिचं मनगटावर वाचता येणारं बिनतारी यंत्र बाजारात आलं. तिथे अडचण कोरड्या थंड कातडीची. तोच पट्टा विदर्भात आला की जानेवारीच्या पहाटे त्याला फिनलंडचं दुखणं होतं आणि मे महिन्यात अगदी उलटं: घाम इतका की सुकून त्याचं मीठ कापडात भरून बसतं. विकत घेताना जाहिरातीत यातलं काहीच लिहिलेलं नसतं.

तर आधी निदान. पहिली पाच-सात मिनिटं आकडे वेडेवाकडे आणि घाम आल्यावर सरळ, असं असेल तर पट्टा कोरडा बांधला जातोय. बांधण्याआधी इलेक्ट्रोड पाण्याने चांगले ओले करावेत. नुसती थुंकी लावून भागत नाही. हिवाळ्यात पॉलिस्टरची सैल बनियन पट्ट्यावर घासून स्थिर वीज तयार करते आणि उभ्याउभ्या २२० दाखवते. बनियन घट्ट घातली किंवा ओली केली की ते थांबतं. धावण्याच्या मध्येच आकडा गायब होऊन परत येत असेल तर बॅटरी बघावी किंवा पट्टा सैल झालाय का ते बघावं. उन्हाळ्यात घामोळ्याची पावडर छातीवर थापून वरून पट्टा चढवला तर इलेक्ट्रोडवर पांढरा थर बसतो. खोबरेल तेल आणि व्हॅसलीनही वीज अडवतात. पट्टा काचतो म्हणून व्हॅसलीन लावायचंच असेल तर ते कडेला, इलेक्ट्रोडखाली अजिबात नाही.

एवढं करूनही आकडे भरकटत असतील तर कापड आणि पॉड वेगळे तपासायचे. पॉड पट्ट्यावरून काढा, दोन्ही हातांचे अंगठे ओले करा आणि डाव्या-उजव्या अंगठ्यांनी पॉडच्या मागची दोन बटणं एकेक दाबून धरा. हात न हलवता थोडं थांबलं आणि मोबाइलवर ठोके दिसू लागले तर पॉड शाबूत आहे, आजारी आहे ते कापड. त्यापुढची तपासणी मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात होते. शेतावर पंप आहेत तिथे हे दुकान आहेच, आणि तिथे मल्टिमीटर असतो. एक टोक टिचबटणाला, दुसरं त्याच बाजूच्या इलेक्ट्रोडला लावायचं. डावीकडचा आणि उजवीकडचा रोध साधारण सारखा आणि कमी यायला हवा. एका बाजूचा एकदम हजारांत-लाखांत गेला तर आतली तार तुटली किंवा बटण सडलं. मग पट्टा वाळलेला असताना डावं बटण ते उजवं बटण असं मोजायचं. तिथे काहीच लागता कामा नये. लागलं तर कापडात साठलेलं मीठ दोन्ही बाजू जोडतंय, आणि अशा पट्ट्यासाठी खरेदीपेक्षा बादली बरी. पाच मिनिटांचं काम. ते न करता लोक पूर्ण नवा संच मागवतात.

हातात आलेला पट्टा मेलाय असं वाटण्यामागे आणखी एक गंमत असते. गार्मिनचे जुने कापडी पट्टे फक्त अँट-प्लस नावाच्या बिनतारी भाषेत बोलतात. ती गार्मिनच्या घड्याळाला कळते, बहुतेक मोबाइलना कळत नाही. घड्याळ भावाकडेच राहिलं आणि पट्टा तेवढा गावी आला, तर तो इथे मुकाच राहणार. नवे पॉड ब्लूटूथवरही बोलतात, पण बरेचसे एका वेळी एकाशीच. एका अॅपने धरून ठेवलं की दुसऱ्याला ते सापडत नाही. मोबाइलच्या ब्लूटूथ यादीत जाऊन जोडण्यापेक्षा धावण्याच्या अॅपमधून जोडावं. आणि हजार-दोन हजारांतली जी स्मार्ट घड्याळं गावोगावी दिसतात, त्यांतली बहुतेक छातीचा पट्टा जोडूच देत नाहीत. पट्टा घेण्याआधी एवढं तपासलं तर पुढचा मनस्ताप वाचतो. मोबाइल मात्र चालतो, तो हातात नाहीतर कंबरेला बांधून धावायची तयारी हवी.

कापडच गेलंय हे ठरलं तर पहिला पर्याय सुटं कापड. पोलरचे एच९ आणि एच१० हे पॉड त्यांच्या साध्या मऊ पट्ट्यावरही बसतात आणि ‘प्रो’ पट्ट्यावरही. प्रो पट्ट्याला आतून रबरी ठिपके असतात, त्यामुळे तो घामात खाली घसरत नाही. मला तो जास्तीच्या पैशांना पुरून उरणारा वाटतो. दुसऱ्या कंपनीचं कापड चालतं का? पुष्कळदा चालतं. सुट्या पॉडचे जुने गार्मिनवाले वर्षानुवर्षं पोलरच्या कापडावर धावत आले आहेत, कारण बटणांमधलं अंतर जुळतं. पण अंतर सगळ्यांचं सारखं नाही. पट्टीने एका बटणाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मिलिमीटरमध्ये मोजावं आणि विकणाऱ्याला तेवढंच विचारावं. बटण नर आहे की मादी, हेही बघावं.

इलॅस्टिक सैल झालं असेल, बाकी सगळं ठीक असेल, तर गावातला शिंपीही पुरतो. मागच्या बाजूला, इलेक्ट्रोडपासून लांब, एक दुमड घालून शिवली की पट्टा पुन्हा आवळतो. इलेक्ट्रोडच्या तुकड्यात सुई घालायची नाही, कारण आतली वाहिनी कुठून गेली आहे ते वरून दिसत नाही.

पूर्ण संच घ्यायचा तर माझी पहिली चाळणी एकच: पॉड सुटा निघतो का? गार्मिनचे एचआरएम-प्रो आणि प्रो-प्लस उत्तम यंत्रं आहेत, पावलांचं गणितही सांगतात, पण त्यांत पॉड कापडातच शिवलेला. कापड विटलं की सगळंच गेलं. त्याच कंपनीच्या एचआरएम-ड्युअलचा पॉड सुटा निघतो. २०२५ मध्ये आलेल्या एचआरएम २०० आणि ६०० मध्येही गार्मिन सुट्या पॉडवर परतली, म्हणजे ही ओरड नुसती गरिबाची नव्हती. वाहूचा टिकर, कूस्पो आणि मॅजीनचे चिनी पट्टे, डेकॅथलॉन स्वतःच्या नावाने विकत आलेला पट्टा, हे सगळे ठोके मोजण्याचं मूळ काम ठीक करतात. फरक पडतो तो कापडाच्या दर्जात, आणि दोन वर्षांनी सुटं कापड मिळेल की नाही यात. स्वस्त चिनी संच आणि नामवंत कंपनीचं नुसतं कापड यांच्या किमतीत पुष्कळदा फार अंतर नसतं. तेव्हा पॉड जुना, बॅटरीचं झाकण सैल, त्यात कापडही फाटलेलं, अशी स्थिती असेल तर स्वस्तातला पूर्ण संच घेण्यात काही कमीपणा नाही. एच१० मध्ये एक सराव आतच साठवून ठेवायची सोय आहे, मोबाइल घरी ठेवून धावता येतं. एच९ मध्ये ती नाही. भरतीच्या पोराला त्या सोयीचा उपयोग खरंच आहे, पण त्यासाठी इतके पैसे टाकावेत का, याबद्दल मी साशंक आहे.

दुसरी चाळणी बॅटरीची, आणि ती नागपूर-पुण्यातल्या लेखात कुणी लिहीत नाही. पोलरच्या एच९-एच१० ला सीआर२०२५ लागते. गार्मिन ड्युअल, टिकर आणि बहुतेक चिनी पॉडना सीआर२०३२. दोन्ही तीन व्होल्टच्या, दोन्हींचा व्यास २० मिलिमीटर. फरक जाडीचा: पहिली अडीच मिलिमीटर, दुसरी ३.२. सीआर२०३२ गाड्यांच्या रिमोटमध्ये, छोट्या वजनकाट्यांत, संगणकात असते, त्यामुळे तुमसर-मोहाडीच्या कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळण्यासारखी. सीआर२०२५ साठी जरा फिरावं लागतं. पातळ जागेत जाड बॅटरी दाबून बसवली की झाकणाची रबरी रिंग नीट बसत नाही आणि आत घाम शिरतो. झाकण नाण्याने फिरवून उघडणारं आहे की बारीक स्क्रूचं, हेही बघून ठेवावं. रिचार्ज होणारे पॉडही निघाले आहेत. वीज जाते तिथे मी नाणेछाप बॅटरीच पसंत करीन. आणि धावून आल्यावर पॉड कापडावरून काढून ठेवायचा. ओल्या पट्ट्यावर तो अडकलेला राहिला तर त्याला वाटतं अजून माणूस आतच आहे, आणि बॅटरी रात्रभर जळते.

तिसरी गोष्ट मापाची. भरतीच्या पोराला स्वतःची छाती तोंडपाठ असते, कारण न फुगवता ७९ सेंटिमीटर आणि फुगवून पाच वर, ही अटच आहे. पण पट्टा बसतो त्या मापाच्या जरा खाली, छातीच्या स्नायूंच्या खालच्या कडेला, बरगड्यांवर. तिथे टेप लावून मोजावं. बहुतेक कंपन्या दोनच मापं काढतात, लहान आणि मोठं. सडपातळ पोराने मोठं घेतलं तर पूर्ण आवळूनही ते सैल राहतं आणि पहिल्या उडीलाच पोटावर येतं. मुलींसाठी पट्टा स्पोर्ट्स ब्राच्या खालच्या इलॅस्टिकच्या लगेच खाली किंवा त्याच्याच आत बसवतात. दोन घट्ट पट्टे एकमेकांवर आले की कातडी सोलवटते. ब्राच्या पट्टीलाच चिमट्याने लागणारं एचआरएम-फिट गार्मिनने २०२४ मध्ये काढलं. कल्पना नेमकी आहे, किंमत मात्र खेड्यातल्या मुलीचा विचार करून ठेवलेली नाही.

धुणं हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त भाग आणि सर्वांत दुर्लक्षित. पोलरची शिफारस अशी की प्रत्येक वापरानंतर वाहत्या पाण्याखाली खळखळून धुवावा, आणि निदान दर पाचव्या वापरानंतर ४० अंशांच्या पाण्यात साबणाने. ब्लीच नाही, कपडे मऊ करणारं द्रावण नाही, इस्त्री नाही. बोअरच्या जड पाण्यात साबण फुटतो आणि त्याचा चिकट थर कापडात राहतो, म्हणून पाणी जड असेल तर साबण थोडा आणि खळखळणं जास्त. सावलीत आडवा वाळवावा. मे महिन्यातल्या पत्र्यावर टाकला तर इलॅस्टिकचं आयुष्य त्या उन्हातच संपतं. रोवणीच्या दिवसांत उलट पंचाईत: काहीच वाळत नाही, ओला पट्टा पिशवीत राहतो, बुरशीचे काळे ठिपके येतात आणि छातीवर खाज सुटते. अशा वेळी पंख्याखाली टांगायचा. ज्याला रोज धावायचं आहे त्याने एक जादा कापड घेऊन ठेवावं. एक अंगावर, एक दोरीवर.

आता कुणी म्हणेल, मनगटावरचं घड्याळ ठोके दाखवतंच की. दाखवतं. ते हिरवा उजेड कातडीत टाकून रक्ताची भरती-ओहोटी बघतं. हात जोरात हलले की ते चकतं, आणि कधीकधी ठोक्यांऐवजी पावलंच मोजत बसतं. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी ५० निरोगी माणसांना ट्रेडमिलवर चालवून-पळवून ईसीजीशी ताडून पाहिलं होतं. ‘जामा कार्डिऑलॉजी’त आलेल्या त्या निष्कर्षात छातीचा पट्टा ईसीजीशी ०.९९ इतका जुळला, मनगटावरची चार यंत्रं ०.८३ ते ०.९१ च्या दरम्यान. त्यानंतर घड्याळं बरीच सुधारली, तरी छोट्या वेगवान धावा आणि पायऱ्या चढण्यात पट्टाच पुढे. मधला मार्ग दंडाला बांधायच्या उजेडवाल्या पट्टीचा. पोलरचं व्हेरिटी सेन्स त्यातलं, कूस्पोचीही मिळते. ज्याच्या छातीला पट्टा सोसत नाही, त्याने दंडपट्टी बघावी. तिच्यात इलेक्ट्रोड नाहीत, म्हणजे मिठाचं दुखणंही कमी.

पट्ट्याची गरज कुणाला, यावर मी जरा कडक आहे. १६०० मीटरला पूर्ण गुण मिळतात ते ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत आलं तर. तेवढ्या वेळात आकडा बघून कुणी वेग ठरवत नाही. ठोके वेगाच्या मागून येतात, आणि तोपर्यंत दुसरी फेरी सुरू झालेली असते. तिथे स्टॉपवॉच आणि सोबत धावणारा तगडा गडी हेच खरे. पट्टा कामाला येतो बाकीच्या दिवशी. आपल्याकडे पोरं एकत्र निघाली की रोजच शर्यत लागते. सावकाश धावण्याचा दिवसच नसतो. पट्टा बांधला की ‘आज १५० च्या वर जायचं नाही’ असं स्वतःला सांगता येतं. हा आकडा ज्याचा त्याचा. ‘२२० वजा वय’ हे सूत्र बावीस वर्षांच्या पोराला १९८ सांगतं. २००१ मध्ये तानाका आणि सहकाऱ्यांनी दिलेलं ‘२०८ वजा वयाचे ०.७ पट’ हे सूत्र त्यालाच १९३ च्या आसपास. दोन्ही सरासऱ्या आहेत, आणि एखाद्याचा खरा आकडा दहा-बाराने इकडेतिकडे असणं अगदी सामान्य.

आणि ऊन. त्याच वेगात, त्याच रस्त्यावर एप्रिलचे ठोके डिसेंबरपेक्षा बरेच जास्त पडतात, कारण हृदयाला स्नायूंसोबत कातडीलाही रक्त पुरवून अंग थंड ठेवायचं असतं. पट्टा ते दाखवतो आणि शहाणा माणूस वेग कमी करतो. जून २०२४ च्या भरतीत धावताना कोसळून उमेदवार दगावल्याच्या बातम्या आल्या होत्या. पट्टा अंगाचं तापमान मोजत नाही, उष्माघात ओळखत नाही. चक्कर, थंडी वाजून येणं, बोलणं अडखळणं यांतलं काही झालं तर आकडा कितीही सोज्वळ असो, थांबून सावलीत जायचं आणि अंगावर पाणी ओतायचं. पट्टा ओला आहे, धुतलेला आहे, बॅटरी नवी आहे, तरी विनाकारण २२० दिसतं आणि त्याच वेळी छातीत खरोखर धडधडतं, असं पुन्हा झालं तर ती पट्ट्याची तक्रार समजू नये. ईसीजी काढून घ्यावा.

पार्सल आलं की काय करायचं ते शेवटी. अंगाला लागणारी वस्तू म्हणून बरेच विक्रेते वापरलेला पट्टा परत घेत नाहीत, तेव्हा कागद फाडण्याआधी परतीची अट वाचावी. माप आणि बटणांचं अंतर पट्टा न बांधताच तपासता येतं. मल्टिमीटरही कोऱ्या कापडावर लावता येतो. मग पट्टा ओला करून बांधा, पाच मिनिटं शांत बसा, मनगटाची नाडी १५ सेकंद मोजून चारने गुणा आणि आकडा ताडून पहा. दोन-चार ठोक्यांचा फरक चालेल. त्यानंतर एकदा जोरात धावून, थांबल्या-थांबल्या मानेची नाडी मोजा. इथेही जुळलं तर बिल जपून ठेवा, आणि जुना पॉड चालू असेल तर त्याची बॅटरी काढून तोही ठेवा. नव्या कापडावर तो बसतो का ते बघून ठेवलं म्हणजे धाकट्या भावाची सोय झाली.